सिंगापूरला आठ-नऊ तासांचा लेओव्हर आहे? बाहेर पडायचं असेल तर हे आधी वाचा

आमची ताई मेलबर्नला राहते, त्यामुळे सिंगापूरचं चांगी एअरपोर्ट आता मला स्वारगेटइतकं पाठ झालंय. मुंबईहून रात्रीचं विमान, साडेपाच तास झोप येतेय न येतेय तोवर सकाळी सिंगापूर आणि मग पुढचं विमान कधी दोन तासांनी तर कधी दहा तासांनी, या मधल्या थांब्यालाच लेओव्हर म्हणतात. आधी मी दोन तासवालंच तिकीट शोधायचे, आता मुद्दाम नऊ-दहा तासांचं घेते, बऱ्याचदा ते स्वस्तही पडतं. नात्यातले, ओळखीचे सगळे मलाच विचारतात की बाहेर जाता येतं का, व्हिसा लागतो का, आईबाबांना झेपेल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिल्या वेळी मी काय माती खाल्ली ते आधी सांगते. सात तास होते आणि माझ्या यादीत मरलायनचा पुतळा, गार्डन्स बाय द बे आणि लिटल इंडिया अशी तिन्ही ठिकाणं. मरलायनसमोर पोचले आणि धो धो पाऊस, गार्डन्स पुलावरून लांबून बघितलं, लिटल इंडियात डोसा खायला वेळच उरला नाही म्हणून पार्सल घेतला, मेट्रोत खायला बंदी म्हणून तो मांडीवर ठेवून बसले आणि गेटवरच्या सिक्युरिटीला त्यांनी सांबाराची पिशवी काढून टाकायला लावली कारण सांबार हे लिक्विड! तेव्हापासून माझा नियम एकच, एका लेओव्हरला एकच ठिकाण. आणि तास मोजायचे ते पुढच्या विमानापासून मागे मोजत यायचे, उतरल्यापासून पुढे नाही.

तिकीट काढतानाच बघायची गोष्ट

मुंबई ते सिंगापूर आणि सिंगापूर ते पुढे हे दोन्ही एकाच पीएनआरवर आहे की नाही ते बघा. एकाच पीएनआरवर असेल तर मोठी बॅग मुंबईत दिली की थेट शेवटच्या गावाला मिळते, दोन्ही बोर्डिंग पास मुंबईतच हातात येतात, तुम्ही मोकळे. स्वस्त मिळालं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर बॅग बहुतेक वेळा सिंगापूरला उतरवून घ्यावी लागते आणि बॅगेचा पट्टा इमिग्रेशनच्या म्हणजे पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे असतो, म्हणजे व्हिसा नसेल तर बॅगेपर्यंत पोचताच येत नाही. शहर बघायचं नसलं तरी ही अडचण येते हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. सामान फक्त केबिन बॅगेचं असेल तर गोष्ट वेगळी.

मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेल्या टॅगवर शेवटच्या गावाचा कोड आहे का ते स्वतः वाचायचं. मेलबर्नला जाणार असाल तर एमईएल पाहिजे. एसआयएन दिसला तर तिथल्या तिथे विचारा, लाज वाटू देऊ नका, मागे रांग कितीही असू दे.

व्हिसाचं काय

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. विमानतळाच्या आत ट्रान्झिटमध्येच राहणार असाल आणि बॅग थ्रू म्हणजे थेट शेवटच्या गावाला जाणारी असेल तर काही लागत नाही. बाहेर पडायचं असेल तर दोन रस्ते. एक म्हणजे सरळ एजंटकडून टुरिस्ट व्हिसा काढायचा, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर आहे, वर एजंटचे वेगळे. दुसरा रस्ता माहीत नसल्यामुळे लोक उगाच पैसे घालवतात, तो म्हणजे ९६ तासांची व्हिसा-फ्री ट्रान्झिट सवलत. तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यातल्या एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल आणि तुम्ही खरोखर तिसऱ्या देशात जाता-येता मध्ये थांबत असाल तर सिंगापूरचा वेगळा व्हिसा न काढता बाहेर पडता येतं. जाताना तो व्हिसा निदान महिनाभर तरी शिल्लक पाहिजे. पुढचं कन्फर्म तिकीट ९६ तासांच्या आतलं पाहिजे. मुंबई-सिंगापूर-मुंबई असं फिरायला जाणाऱ्यांना हे चालत नाही, तो ट्रान्झिट नाहीच.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, ईमेलवर पीडीएफ येते. तिची प्रिंट काढून पासपोर्टमध्येच ठेवा. फोनमध्ये आहे की, असं म्हणणाऱ्यांचा फोन नेमका इमिग्रेशनच्या रांगेत बंद पडतो, आमच्या बाबांचा पडलाय. आणि सोडायचं की नाही हे शेवटी समोर बसलेला ऑफिसर ठरवतो, त्यामुळे निघायच्या आधी आयसीएच्या म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साईटवर नियम एकदा परत वाचून घ्या, असले नियम बदलत असतात.

आता तास मोजू

समजा सकाळी १० ला उतरलात आणि पुढचं विमान संध्याकाळी ७ चं आहे. कागदावर ९ तास. आता मागून मोजा. गेटवर ६ ला तरी पाहिजे. त्याच्या आधी एअरपोर्टवर परत यायचं ५ ला, कारण पुन्हा इमिग्रेशन आहे, टर्मिनल बदलायचं असेल तर तो वेळ आहे, आणि घामट कपडे बदलून तोंड धुवायचं असतं. म्हणजे शहरातून ४ ला निघायचं. इकडून, उतरून इमिग्रेशनमधून बाहेर पडेपर्यंत एक तास धरा, रांग नसेल तर वीस मिनिटांत होतं पण एकच तास धरा. मग मेट्रोने पाऊण तास. शहरात पोचलात पावणेबाराला. हातात उरले सव्वाचार तास. एक ठिकाण, एक पोटभर जेवण, थोडं भटकणं, एवढं आरामात होतं.

हेच गणित ६ तासांच्या लेओव्हरला लावा. १० ला उतरलात, विमान ४ चं, शहरातून १ ला निघायचं, म्हणजे शहरात मिळाला सव्वा तास. त्यासाठी कशाला जाताय, त्यापेक्षा एअरपोर्टला चिकटूनच असलेलं ज्युएल बघा, त्याचं खाली लिहिते. ५ तासांच्या आत असेल तर बाहेर पडायचा विचारच सोडा.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा, सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. फोन आपोआप बदलतो, पण मनगटावरचं घड्याळ बघून "अजून खूप वेळ आहे गं" म्हणणारे लोक घरोघरी असतात. उतरल्या उतरल्या त्यांच्या हातातलं घड्याळ तुम्ही स्वतः लावून द्या.

निघायच्या आधीच्या तीन दिवसांत

बाहेर पडणार असाल तर एसजी अरायव्हल कार्ड म्हणजे सिंगापूरला येत असल्याचा फॉर्म ऑनलाईन भरायचा असतो, पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत. हे पूर्ण फुकट आहे. गुगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या साईट्स दिसतात, तिकडे कार्ड नंबर टाकू नका, आयसीएची साईट किंवा त्यांचं ॲप वापरा. घरातल्या प्रत्येकाचं भरावं लागतं, लहान बाळाचंही.

बँकेच्या ॲपमधे जाऊन कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही चालू करून ठेवा. हे घरूनच करा कारण तिथे गेल्यावर ओटीपी येत नाही आणि मग रडायची वेळ येते. मेट्रोला तेच कार्ड तिकीट म्हणून चालतं.

आता खिसे आणि पर्स. खाण्याच्या तंबाखूला, गुटख्याला सिंगापूरमध्ये बंदी आहे, चंचीतली पुडी मुंबईतच टाकून द्यायला सांगा, "एवढीशीच तर आहे" हे तिथे चालत नाही. च्युइंगगम नको. व्हेप म्हणजे ई-सिगारेट तर अजिबात नको, नुसतं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. सिगारेटला ड्युटी-फ्री सूट नाही, एका पाकिटालासुद्धा. आणि खसखस! तिच्यावरही तिथे निर्बंध आहेत, तेव्हा हातातल्या पिशवीत अनारसे असतील तर ते घेऊन शहरात हिंडू नका. दिवाळीच्या सुमाराला जाणाऱ्यांनी हे वाचलंच पाहिजे.

केबिन बॅगेत एक सुती कपड्यांचा जोड, सपाट चप्पल, छोटा नॅपकिन, घडीची छत्री आणि एक शाल ठेवा. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे, बारा महिने मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम आणि दुपारचा पाऊस कधीही येतो. शाल बाहेरसाठी नाही, एअरपोर्टच्या आतल्या एसीसाठी.

उतरल्यावर

सगळ्यात आधी टॉयलेटला जाऊन कपडे बदला, दात घासा. हे वेळ वाया घालवणं वाटतं पण विमानातली जीन्स घालून सिंगापूरच्या उन्हात चार तास फिरून बघा एकदा. रिकामी बाटली कुलरवर भरा, नळाचं पाणीही पिण्यासारखं असतं.

मग बोर्डवर पुढच्या विमानाचं टर्मिनल बघून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढा. केबिन बॅग जड असेल तर सामान ठेवायचे काउंटर आहेत, ट्रान्झिटच्या आतही आणि बाहेरही. आत ठेवलीत तर परत आल्यावर त्याच टर्मिनलला यावं लागतं हे लक्षात ठेवून ठेवा. पासपोर्ट, औषधं, चार्जर, पैसे एवढं खांद्यावरच्या पिशवीत घ्या.

आईबाबांसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर ती माणसं त्यांना नेहमीप्रमाणे पुढच्या विमानाच्या दिशेने घेऊन जातात, त्यांना काय माहीत तुम्हाला बाहेर जायचंय. दारातच सांगा.

इमिग्रेशनला ऑटोमॅटिक गेट आहेत पण तुम्ही ९६ तासवाल्या सवलतीवर असाल तर माणूस बसलेल्या काउंटरला जा. पासपोर्ट, पुढच्या देशाच्या व्हिसाची प्रिंट, पुढचा बोर्डिंग पास हे तिन्ही एकदमच पुढे करा, मागायची वाट बघू नका. कुठे जाणार विचारलं तर "लिटल इंडियात जेवायला, संध्याकाळचं विमान आहे" एवढं बास. शिक्का मारत नाहीत, ईमेलवर पास येतो, त्यामुळे अरायव्हल कार्डात ईमेल नीट लिहा.

मेट्रो

टॅक्सी वीस-पंचवीस मिनिटांत नेते पण २० ते ४० डॉलर घेते, रात्री बारानंतर ५० टक्के जास्त. एक डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरा आणि तुम्हीच ठरवा. तिघे-चौघे असाल, सोबत म्हातारं माणूस असेल तर जाताना मेट्रो आणि येताना टॅक्सी हे मला बरं वाटतं, परतीला पाय बोलायला लागलेले असतात.

मेट्रोला एमआरटी म्हणतात, स्टेशन टी२ आणि टी३ म्हणजे टर्मिनल दोन आणि तीनच्या खालीच आहे. पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होते, रात्री अकरानंतर शेवटची गाडी असते. तिकीट खिडकी शोधत बसू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं टॅपवालं बँक कार्ड गेटला टेकवा, उतरताना तेच कार्ड परत टेकवा. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड पाहिजे, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. परदेशी कार्डाला दिवसाचे ६० सेंट वरचे लागतात, प्रवास साधारण दोन-अडीच डॉलरचा.

चांगीहून निघालेली गाडी ताना मेरा स्टेशनला संपते. तिथे उतरून तुआस लिंककडे जाणारी गाडी धरायची. पासिर रिसच्या गाडीत बसू नका, ती उलटी जाते. मग बुगिसला उतरायचं. बुगिस म्हणजे आपलं दादर समजा, तिथे लाईन बदलायची. तिथून डाउनटाउन लाईनने एका बाजूला दोन स्टेशनांवर लिटल इंडिया आणि दुसऱ्या बाजूला दोन स्टेशनांवर बेफ्रंट, म्हणजे मरीना बे आणि गार्डन्स. नकाशा एवढाच पाठ करा, बाकीचा सोडून द्या.

गाडीत खाणं-पिणं बंद, दंड ५०० डॉलरपर्यंत. पाण्याचा घोटसुद्धा नको. ड्युरियन नावाचं फणसाच्या चुलतभावासारखं एक फळ असतं, तेही गाडीत न्यायला बंदी आहे आणि एकदा वास घेतलात की का ते कळेल.

कुठे जायचं

दिवसाचा लेओव्हर असेल तर माझं उत्तर ठरलेलं, लिटल इंडिया. लोक म्हणतात इंडियातून येऊन इंडियाच काय बघायची. पण रात्रभर विमानात बसून आल्यावर गरम डोसा आणि फिल्टर कॉफी मिळणं याची किंमत त्यांना कळत नाही, आणि तसंही ही इंडिया म्हणजे तमिळ इंडिया आहे, त्यात चिनी आणि मलय मिसळलेली, आपल्याला अर्धी ओळखीची आणि अर्धी नाही.

स्टेशनमधून बाहेर आलात की टेक्का सेंटर लागतं. खाली भाजी आणि मासळी बाजार आणि खाण्याचे स्टॉल, वर कपडे. मासळी बाजारात एक चक्कर माराच, पापलेट-सुरमईसारखे ओळखीचे चेहरे दिसतात आणि आई तिथे भाव विचारत इतकी रमली की मला ओढून काढावं लागलं. बाजूच्या रस्त्याचं नाव बफेलो रोड, पलीकडचा केरबाऊ रोड, आणि केरबाऊ म्हणजे मलयमध्ये म्हैस. या भागाचं जुनं नावच कंडांग केरबाऊ, म्हशींचा गोठा! एकोणिसाव्या शतकात इथे गुराढोरांचा धंदा होता, त्यात राबणारी बरीच माणसं भारतातून आलेली, म्हणून वस्ती इथे जमली. थोडक्यात गवळीवाडाच. केरबाऊ रोडवर १९०० सालचा एक चिनी मिठाईवाल्याचा बंगला आहे, तान तेंग नियाचं घर, खिडक्यांना इतके रंग की रांगोळीचा डबा सांडल्यासारखं वाटतं. फोटो तिथे काढा.

टेक्कात बसून खायचं असेल तर एक रीत कळून घ्या. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते कोणी विसरलेलं नसतं, ती जागा धरलेली असते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तेच, तिथे त्याला चोप म्हणतात. खाऊन झालं की ताट-ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तो कायदाच आहे. शुद्ध शाकाहारी पाहिजे असेल तर सेरंगून रोडवर कोमला विलास, १९४७ पासून चालू आहे, केळीच्या पानावर जेवण. चालत पाचेक मिनिटं.

त्याच रस्त्यावर वीरमाकालीअम्मन देऊळ आहे, कालीचं. देऊळ दुपारी बंद असतं, त्यामुळे सकाळी पोचलात तर आधी दर्शन मग जेवण, उलटं केलंत तर दार बंद मिळेल.

मुस्तफा सेंटर या भल्यामोठ्या दुकानाबद्दल इशारा. सकाळी साडेनऊ ते रात्री दोनपर्यंत उघडं, जे मागाल ते मिळतं आणि तिथे शिरलं की दोन तास कुठे गेले कळत नाही. शिरणारच असाल तर फोनवर पाऊण तासाचा गजर लावून शिरा. आणि तुमची मोठी बॅग पुढे गेलेली आहे हे विसरू नका, जे घ्याल ते केबिनमध्ये न्यायचंय. १०० मिलीच्या वरचं तेल, अत्तर, शाम्पू, सॉस काहीही गेटवर जातं. गुडघेदुखीच्या तेलाच्या छोट्या बाटल्या चालतात, माझ्या पर्समध्ये नेहमी सहा असतात, शेजारच्या काकूंची ऑर्डर.

रात्रीचं विमान असेल तर मात्र मरीना बे. सूर्य तिथे वर्षभर सातच्या आसपास मावळतो. बेफ्रंटला उतरून गार्डन्स बाय द बे मध्ये जायचं, काचेच्या दोन घुमटांना तिकीट आहे पण बाहेरची सुपरट्री, २५ ते ५० मीटर उंच लोखंडी झाडं, ती बघायला फुकट आणि पावणेआठ आणि पावणेनऊला गाण्यांवर दिव्यांचा खेळ असतो तोही फुकट. झाडांच्या खाली पाठ टेकून आडवं पडून बघायचं, सगळेच पडलेले असतात. विमान अकरा-साडेअकराचं असेल तर पावणेआठचा बघून लगेच निघा, पावणेनऊचा तुमच्यासाठी नाही. मरलायन तिथून समोर दिसतो पण चालत वीस-पंचवीस मिनिटं आहेत, आणि जवळ जाऊन काय तर ८.६ मीटरचा मासा-सिंह पाणी ओकतोय. मी परत गेले नाही. बाकी सेंटोसा, झू वगैरे लेओव्हरमध्ये डोक्यातसुद्धा आणू नका.

स्वतः काही ठरवायचा कंटाळा असेल तर एअरपोर्टचीच फुकट टूर असते, साडेपाच ते चोवीस तासांच्या लेओव्हरवाल्यांसाठी, अडीच तासांची, बसमधून फिरवून परत आणून सोडतात. व्हिसा किंवा ती ९६ तासवाली सवलत मात्र यालाही लागतेच, बॅग थ्रू पाहिजे, अरायव्हल कार्ड भरलेलं पाहिजे. जागा भरतात म्हणून आधी ऑनलाईन बुक करा. आईबाबा एकटेच जात असतील तर त्यांच्यासाठी हे सगळ्यात सोपं, चुकायची भीती नाही.

सहा तासच असतील किंवा बाहेर पडता येत नसेल तर

ज्युएल हे २०१९ मध्ये उघडलेलं काचेचं मोठं भांडं आहे असं समजा, आत जंगल आणि छतातून कोसळणारा ४० मीटरचा धबधबा, इमारतीच्या आतला जगातला सगळ्यात उंच. पण ते इमिग्रेशनच्या बाहेर आहे. टी१ च्या अरायव्हलमधून थेट शिरता येतं, टी२-टी३ मधून पूल आहेत. व्हिसा असेल तर दीड-दोन तासात निवांत होतं.

व्हिसा नसेल तर एक गंमत करा. टी२ आणि टी३ मधली ट्रान्झिटवाल्यांची स्कायट्रेन ज्युएलच्या पोटातून जाते, खिडकीतून धबधबा दिसतो, काही सेकंदच पण दिसतो. पैसे लागत नाहीत, या टोकाहून त्या टोकाला तीनदा जा, कोणी विचारत नाही. आम्ही भाच्याला असंच फिरवलं.

आत राहणाऱ्यांनी टी३ मधली फुलपाखरांची बाग बघा, फुलपाखरं हातावर येऊन बसतात. तिथेच फुकटचं थिएटर आहे. टी१ ला निवडुंगांची बाग, टी२ ला सूर्यफुलांची. पायाचे मसाज मशीन जागोजागी आहेत आणि ते फुकट आहेत, पहिल्या मिनिटाला ओरडाल, मग उठणार नाही. झोपायला आडव्या खुर्च्यांचे कोपरे आहेत पण रात्री लवकर भरतात. टी१ ला ट्रान्झिट हॉटेल आहे, त्याला स्विमिंग पूलपण आहे, काही तासांच्या हिशोबाने खोली मिळते, साठीच्या पुढच्यांसाठी ते पैसे मी खर्च करते.

खायला गेलात तर काया टोस्टबद्दल ऐकाल, नारळाच्या दुधाचा जॅम लावलेला भाजका ब्रेड, मस्तच लागतो. पण त्या जॅममध्ये अंडं असतं. उपासवाल्यांनी आणि पक्क्या शाकाहाऱ्यांनी विचारून खा, आणि नुसतं व्हेजिटेबल नाव असलेल्या नूडल्समध्येही माशाचा सॉस असू शकतो.

परत येताना

ठरलेल्या वेळेला निघा म्हणजे निघा, "एक कॉफी घेऊ" नाही. पाऊस आला की टॅक्सी मिळत नाही आणि सगळे मेट्रोत घुसतात. टी४ वरून विमान असेल तर अर्धा तास आधीच निघा, ते बाजूला आहे, शटल बसने जावं लागतं.

टी१, टी२, टी३ ला सिक्युरिटी आत शिरताना नसते, प्रत्येक गेटवर वेगळी असते. म्हणून इमिग्रेशन पटकन झालं की लोक निवांत होतात आणि शेवटी गेटवर रांग लागते. पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते, आत भरून घेता येते. आणि बऱ्याच गेटांच्या आतल्या बसायच्या जागेत टॉयलेट नसतं, बाहेर गेलात की परत सिक्युरिटी. त्यामुळे गेटच्या आधी जे टॉयलेट दिसेल तिथे सगळ्यांना पाठवा, "मला नाहीये लागली" म्हणणाऱ्या बाबांना तर आधी.